दातारांचं प्रमेय पाडणारी

उपासना रामटेके शांत बाई आहे असं ज्यांना वाटायचं, त्यांनी तिला कधी लुबाडलेलं नसायचं. डॉक्टर पुरुषोत्तम दातारांनी लुबाडलं होतं, आणि तरीही त्यांना ती शांतच वाटायची. इथेच त्यांचा हिशेब चुकला.

ती नागपूरच्या इंदोऱ्यातली. वडील धर्मराज रामटेके शाळेत गणित शिकवायचे, आणि लेकीनं याच विषयात नाव काढावं म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं. नव्वद साली ती अमेरिकेत, मिडवेस्टातल्या एका मोठ्या विद्यापीठात पीएच.डी.ला आली, ती दातारांच्या हाताखाली. आपला मराठी माणूस म्हणून तिला केवढा आनंद झाला होता! पहिल्याच भेटीत सरांनी आडनाव विचारलं, "अच्छा, अच्छा" म्हणाले, आणि तेव्हापासून तिचं कौतुकसुद्धा आश्चर्यानं करू लागले. "हे तू केलंस? एकटीनं?"

तिसऱ्या वर्षी तिनं एका जुन्या, हट्टी प्रश्नाची किल्ली शोधून काढली. दातारांच्या खोलीतल्या फळ्यावर सगळी सिद्धता लिहून दाखवली. पुढच्या हिवाळ्यात तीच सिद्धता एका नामांकित जर्नलमध्ये छापून आली, एकट्या दातारांच्या नावावर. तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: उपयुक्त चर्चांबद्दल उपासना रामटेके यांचे आभार. गणितात चोरी अशी होते. कुलूप तोडावं लागत नाही, आभार मानले की भागतं.

तिची रूममेट हर्षिता भडकली. "कम्प्लेंट कर यार! सरळ डीनकडे जा!"

"आणि थीसिसवर सही कोणाची लागते?" उपासनानं विचारलं, आणि ती भांडी घासायला उठली. रडली वगैरे नाही. पण त्या दिवसापासून तिनं दातारांवर डूख धरला.

डिग्री मिळाली, पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात नोकरीही लागली. तिथे काही वर्षांनी कायम करायचं की निरोप द्यायचा हे ठरणार होतं. ती मन लावून शिकवायची, आपलं संशोधन करायची, आणि दातारांचा प्रत्येक पेपर शोधून वाचायची. लोक भक्तीनं पोथी वाचतात, ही वैरानं वाचायची.

सत्त्याण्णव साली एका जर्नलच्या संपादक बाईंनी तिच्याकडे एक पेपर तपासायला पाठवला. गणितात तशी रीतच आहे. छापण्याआधी पेपर एखाद्या जाणकाराकडे जातो, आणि त्या परीक्षकाचं नाव लेखकाला कधीच कळत नाही. पेपर दातारांचा निघाला. तिच्याच किल्लीवर त्यांनी एक भलंमोठं प्रमेय उभं केलं होतं, त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं. आणि ते चूक होतं.

किल्ली बरोबरच होती, पण ती कुठवर चालते हे दातारांना कुठे माहीत? ज्यानं शोधली नाही, त्याला तिच्या खोडी कशा कळणार? उपासनाला कळत होत्या. तिनं संध्याकाळपर्यंत एक प्रतिउदाहरण मांडलं, म्हणजे प्रमेयात बसायलाच हवी पण बसत नाही अशी एक रचना. तेवढ्या एकीनं अख्खं प्रमेय खोटं ठरत होतं.

परीक्षकाचं काम सरळ होतं: चूक कळवायची. मग काय झालं असतं? दातारांनी प्रमेय जरा आखडतं घेतलं असतं आणि तळाशी लिहिलं असतं, अनामिक परीक्षकाचे आभार. पुन्हा डोकं हिचं आणि नाव त्यांचं, आणि या खेपेला आभारातसुद्धा ही बिननावाची! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं अहवालात लिहिलं, 'उत्तम काम. जरूर छापावे.'

पुढचं वर्ष तिनं वाट बघण्यात घालवलं, आणि खरं सांगायचं तर मजेत घालवलं. पेपर छापला गेला. दातारांना ठिकठिकाणी व्याख्यानांची बोलावणी आली, तिथल्या महाराष्ट्र मंडळानं शाल-श्रीफळ दिलं. माणूस पुरेसा उंच चढला अशी खात्री झाल्यावर तिनं आपली दोन पानं त्याच जर्नलला धाडली: 'दातार यांच्या प्रमेयाला एक प्रतिउदाहरण'. खाली तिचं पूर्ण नाव.

सुडाच्या भरात एवढी हुशार बाई एक साधी गोष्ट विसरली. परीक्षक कोण हे लेखकाला कळत नाही, संपादकाला कळतं.

संपादक बाईंचा फोन आला. "डॉक्टर रामटेके, हा पेपर तुम्हीच पास केला होता. तेव्हा ही चूक तुमच्या नजरेतून सुटली असेल, नाही का?"

बाई भल्या होत्या, पळवाट स्वतःच दाखवत होत्या. 'सुटली' एवढं म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण दातारांची चूक आपल्याला दिसली नाही असं कबूल करायचं? तिची जीभ रेटेना.

"पहिल्या वाचनातच दिसली होती," ती म्हणाली.

बाई म्हणाल्या, "हे मला तुमच्या कॉलेजला कळवावं लागेल."

"कळवा. पण माझी दोन पानं बरोबर आहेत. ती छापा."

ती छापली गेली. दातारांचं प्रमेय कोसळलं, व्याख्यानं कॅन्सल झाली, सर कॉन्फरन्सला येईनासे झाले. उपासनानं एकटीनं केक आणून खाल्ला. कॉलेजनं तिला निरोप दिला. जाता जाता तिनं सगळ्यांना सांगून पाहिलं की मूळ किल्लीही माझीच आहे. पण जी जाणूनबुजून खोटा अहवाल देते, तिच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?

नव्याण्णव साली ती सनीव्हेलला एका चिप कंपनीत लागली. तिथे नागपूरहून वडिलांचा फोन आला. दोन पानं त्यांनी पुनःपुन्हा वाचली होती.

"सुंदर आहे, बेटा. पण ते पहिलं, तू फळ्यावर सोडवलेलं? तेही आता तुझ्या नावानं झालं असेल ना?"

"नाही, बाबा. ते बरोबर आहे ना. बरोबर आहे, म्हणून ते त्यांच्याच नावावर राहणार."