कोळ्याने सरांशी गैरवर्तन केल्याबाबत

किस्से जमवावे लागत नाहीत. एखादा मुका जीव ऑफिसात आणून ठेवा, माणसंच रोज एक घडवून देतात. ऐकणारे हसतात. मला अजून राग येतो.

नांदेडच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राची लॅब असिस्टंट. परदेशी चाललेल्या एका माजी विद्यार्थ्यानं त्याची पाळलेली टॅरँटुला विभागाला देऊन टाकली. तळहाताएवढी केसाळ कोळीण, काचेच्या पेटीत. आमचे विभागप्रमुख मोरे सर. त्यांनी पेटी माझ्या टेबलावर सरकवली.

"मॅडम, तुम्ही बाईमाणूस. जपणं तुम्हाला जमतं."

एम.एस्सी. मीही झालेय. ते कुणाला आठवलं नाही.

*

त्या मुलानं सूचना दिल्या होत्या: आठवड्याला एक किडा, झाकणभर पाणी, हात लावायचा नाही, जवळ फवारा मारायचा नाही. मी त्या मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवल्या.

सर रोज पाहुणे आणायचे. एकदा होस्टेलच्या स्वयंपाकघरातलं झुरळ डबीत घेऊन आले.

"टाका आत. पाहुण्यांना शिकार दाखवू."

"सर, तिथं परवाच औषध मारलंय. हे खाऊन ती मरंल."

"तुम्हाला लई कळतं."

मी डबी उलटी केली आणि झुरळ चपलेखाली चिरडलं. पाहुणे चहा न घेता गेले.

*

मग एक दिवस, "मला ओळखते ती," म्हणत सरांनी पेटीत हात घातला. तिनं मागचे पाय पोटावर घासले आणि बारीक, खाजरे केस उडवले. सरांचं मनगट लालभडक. मीच त्यांचा हात नळाखाली धुतला, चिकटपट्टीनं केस काढले.

दुसऱ्या दिवशी मला मेमो. "आपल्या ताब्यातील कोळ्याने विभागप्रमुखांशी गैरवर्तन केल्याबाबत चोवीस तासांत खुलासा सादर करावा."

मी लिहिलं, "संबंधित कोळ्यास वाचता येत नाही. भिंतीवरील सूचना वाचता येणाऱ्यांसाठी आहेत."

त्या एका उत्तरापायी माझी गावी, मुखेडला जायची रजा अडकली.

*

पुढं तिनं खाणंच सोडलं. घाबरून त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "कात टाकणार असेल. उताणी पडली तरी हात लावू नका."

एका सकाळी खरंच उताणी पडली. आमचे शिपाई गफूरभाई म्हणाले, "मॅडम, गयी बिचारी."

सर आले. "स्पिरिटमध्ये टाका. पुढच्या आठवड्यात तपासणी समिती येऊन राहिली. नमुना तरी होईल."

"सर, जिवंत हाय ती. कात टाकून राहिली."

"उताणा किडा कधी जिवंत असतो का?"

त्यांनी पेटीकडं हात नेला. मी दोन्ही हात झाकणावर दाबून ठेवले. अकरा वर्षांच्या नोकरीत मी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला.

"झाकण उघडायचं न्हाई."

सर तणतणत गेले आणि तिथूनच आठवडाभराच्या रजेवर. मी जागची हलले नाही. गफूरभाईंनी त्यांचा डबा आणून माझ्यापुढं ठेवला आणि समोरच्या स्टुलावर बसले. तीनच्या सुमारास पाठ उकलली. मग एकेक पाय बाहेर आला, ओला, घट्ट बाहीतून हात काढावा तसा. गफूरभाईंनी टोपी काढली. मला रडू आलं, पण ते रागाचं होतं.

*

तिनं टाकलेली कात हुबेहूब कोळ्यासारखी होती, आठही पायांसकट. विद्यार्थ्यांना दाखवायला मी ती वाळवून बरणीत ठेवली.

सर रजेवरून आले ते थेट समितीलाच घेऊन. मला काही विचारलं नाही. बरणी दिसली आणि त्यांनी ती उचलली.

"हा आमचा टॅरँटुला. मी स्वतः सांभाळला होता. गेल्या आठवड्यात गेला. निष्काळजीपणा झाला, कुणाचा ते बोलत नाही." आणि माझ्याकडं पाहिलं. सरांचा आवाजही जड झाला होता.

समितीतल्या एक बाई शेजारच्या पेटीवर वाकल्या. आत ती झाकणातलं पाणी पीत होती.

"मग ही कोण?"

सरांनी बरणी डोळ्यांजवळ नेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात गफूरभाईंनी चहाचा ट्रे टेबलावर ठेवून त्या बाईंना सांगितलं,

"मॅडम, बरणीत तिचे कपडे हायत. सर कपड्याला रडून राहिले."