हातून न पडलेले नग

सळई भोकाच्या मधोमध नव्हती. चार पावलांवरून, माझ्या टेबलापासून मला ते दिसत होतं. बॉस मात्र तिच्यावर वाकून म्हणाले, "परफेक्ट. डेड सेंटर."

नील रायफल पिशवीत घालायला लागला. "आज दुपारीच शेतावर जातो," तो म्हणाला.

आधी काम काय होतं ते सांगते. ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी नऊ वर्षं होते. बॉसचं नाव ग्रॅहॅम, वय बहात्तर. लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, ते, टेबलावर मी, तिसरं कुणी नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. इचलकरंजीला नवऱ्याच्या लेथपाशी बसून मी नगांची बर काढायचे, म्हणजे कापलेल्या लोखंडाची धारदार कड घासायचे. नवरा गेल्यावर मुलाने इकडे बोलावून घेतलं. मला लोकांशी बोलायला जमत नाही, आणि इंग्रजी तर तोडकंमोडकं. नगाशी बोलावं लागत नाही, म्हणून हे काम मानवलं.

नील शेतांवरची रानटी हरणं मारायचं काम करतो. इकडे ती फार झाली आहेत. त्याच्याकडे लायसन्स आहे, आणि सप्रेसरचं वेगळं परमिटही. सप्रेसर म्हणजे रायफलीच्या तोंडावर बसवायचं जाड नळकांडं. लोक सायलेन्सर म्हणतात, पण आवाज बंद होत नाही, कमी होतो. ते इकडे सहजासहजी मिळत नाही. नीलकडे सप्रेसर एक आणि रायफली दोन. नवीच्या तोंडावरचे आटे जाड, जुनीचे बारीक. जुनीवर ते बसेना. म्हणून मध्ये एक अंगठीएवढा अ‍ॅडॉप्टर हवा होता, आतून बारीक आटे, बाहेरून जाड.

"दुसरा सप्रेसर घे की," बॉस म्हणाले होते.

"परत परमिट, परत थांबा. आणि जुनी रायफल माझ्या वडिलांची आहे, मेट. तिला कपाटात गंजवू का?"

बॉसनी अ‍ॅडॉप्टर केला. मी गेज लावून पाहिलं. गेजची एक बाजू आट्यांत जायला हवी, दुसरी जायला नको. दोन्ही बरोबर आलं. पण गेज फक्त माप सांगतं. आटे तिरके असतील तर ते सांगत नाही. अ‍ॅडॉप्टर तिरका असेल तर त्यावरचं नळकांडं तिरकं बसतं, आणि सरळ निघालेली गोळी त्याला आतून लागते. मारणाऱ्याचं तोंड तिथून फार लांब नसतं. म्हणून शेवटी रायफलीच्या रिकाम्या नळीतून एक सरळ सळई घालतात आणि ती सप्रेसरच्या पुढच्या भोकात मधोमध येते का ते बघतात. हे बघणं बॉसचं. रायफलीचं काम करायचं लायसन्स त्यांचं एकट्याचं. रायफल दुकानात आली की मी टेबल सोडायचं नाही, हा नियम होता.

आता माझी चूक सांगते. बॉसचे डोळे गेले आठ महिने बिघडत होते. ड्रॉइंगवरचे आकडे ते मला वाचायला लावायचे. काही नग चुकीचे यायचे. मी बोलायला हवं होतं. पण वडीलधाऱ्या माणसाची चूक तोंडावर कशी दाखवायची? मी खराब नग टेबलाखालच्या बिस्किटांच्या डब्यात टाकायचे आणि म्हणायचे, "सॉरी बॉस, हातून पडला. कड गेली. दुसरा कराल?"

"बटरफिंगर्स!" ते हसायचे. म्हणजे लोणी लागल्यासारखी निसटती बोटं. माझ्या जेवणाच्या डब्यातल्या तूप लावलेल्या पोळ्या त्यांना माहीत होत्या. "पुन्हा हातांना घी लावून आलीस का, शॅली?"

माझं नाव शालन. दुसरा नग ते सावकाश करायचे आणि तो बहुतेक बरा यायचा. माझं भागत होतं.

त्या दिवशी भागलं नाही. नील पिशवीची चेन ओढत होता. मी उभी राहिले.

"नो," मी म्हटलं. आवाज फारच मोठा निघाला. "बॉस, सळई मधे नाही. डावीकडे आहे."

"तिथून तुला काय दिसतं गं?" बॉस हसले.

नीलने रायफल पिशवीतून काढून परत बॉसपुढे ठेवली. बॉसनी पुन्हा सळई घातली. नील वाकला आणि त्याचं हसू गेलं.

"ती बरोबर बोलतेय, मेट. कडेला टेकलीच आहे जवळजवळ."

बॉसनी चष्मा पुसला. पाहिलं. परत पुसला. "मला मधोमध दिसतेय," ते हळू म्हणाले.

नील म्हणाला, "नो वरीज, ग्रॅहॅम. घाई नाहीये." अ‍ॅडॉप्टर तिथेच ठेवून तो गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"किती दिवस चाललंय?" बॉसनी मला विचारलं.

मी डबा काढून त्यांच्यापुढे ठेवला. ते एकेक नग उचलून अंगठा फिरवू लागले. डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते अंगठ्याला लगेच सापडत होतं.

"यातले तू पाडलेले किती?"

"एकपण नाही."

बराच वेळ ते नग चाचपत राहिले. "बायको म्हणत होती, त्या बाईचे हात गेलेत, तिला काढ," ते म्हणाले. "मी म्हटलं, राहू दे. तिला दुसरीकडे कोण घेणार?"

मी एप्रनमध्ये तोंड लपवलं.

पुढच्या आठवड्यात ते डॉक्टरकडे गेले. दोन्ही डोळ्यांची नेमकी मधली नजर गेली होती. आधी आला असतात तर इंजेक्शनं देऊन थोडी नजर राखता आली असती, असं डॉक्टर म्हणाले. हे त्यांनी मला सहज सांगितलं, दोष दिला नाही. महिन्याभरात वर्कशॉप बंद झालं. लेथ नेला त्या दिवशी मी तिथली फरशी झाडली आणि ट्रेनने घरी आले.

नील सुखरूप आहे. मुलाला वाटतं, मी एका माणसाचा जीव वाचवला. तो तसं लोकांना सांगतो आणि मी गप्प बसते. त्याला डब्याचं माहीत नाही.

बॉसकडे मी अधूनमधून पोळ्या घेऊन जाते. ते मला आवाजावरून ओळखतात, म्हणून दारातच बोलावं लागतं. एवढं बोलायला मला आता येतं. खराब नग डब्यात टाकायचा नसतो. ज्याने केला त्याच्या हातात द्यायचा असतो, त्याच दिवशी.