दादांच्या गाडीचं फेअरिंग

दादा म्हणजे माझे वडील. हायस्कुलात गणित शिकवायचे. त्यांच्याकडं साडेतीनशे सीसीची एक जुनी, जड मोटारसायकल होती, मिलिटरीतून निवृत्त झालेल्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. लांबच्या प्रवासासाठी डॉक्टरांनी तिला पुढं फेअरिंग बसवलं होतं. म्हणजे हेडलाइटभोवती, हँडलच्या पुढं येणारं फायबरचं रुंद कवच आणि त्याच्यावर वाऱ्याची काच. परभणीत तसली दुसरी गाडी मी पाहिली नव्हती. मे महिना लागला की दादा मायला मागं बसवून निघायचे. अजिंठा झालं, सांची झालं, एका वर्षी तर थेट बोधगया. परत आल्यावर माय आठ दिवस गल्लीतल्या बायकांना रस्ते सांगत बसायची.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्या पावसाळ्यात मराठवाडा पेटला. आम्ही बौद्ध. दादांची शाळा सोनपेठच्या बाजूला एका गावात होती. गावाचं नाव मी लिहीत नाही. ते तिथं खोली करून राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. त्या शनिवारी गावाबाहेर रस्त्यावर जमाव उभा होता. दगड आले. काच फुटली, फायबर मधोमध उकललं, पण दादांनी गाडी थांबवली नाही. घरी आले तेव्हा भुवईतून रक्त वाहत होतं आणि शर्टाच्या खिशात काचेचे तुकडे होते. मायनं ते एकेक करून काढले.

"फेअरिंग होतं म्हणून वाचलो," एवढंच ते बोलले.

भुवई भरून आली. दादा मात्र गप्प झाले. त्यांनी रजा टाकली, बदलीचा अर्ज केला. गाडी पडवीत उभी होती, तिच्याकडं ते बघायचेसुद्धा नाहीत. मी तेव्हा बी.एड. करत होते. मला वाटलं, गाडी पहिल्यासारखी झाली की दादा पहिल्यासारखे होतील. दादांना न विचारता मी फेअरिंग हुडकायला लागले.

स्टेशनजवळ एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं वर्कशॉप होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी घरी येऊन गाडी पाहिली, तुटक्या फायबरवरून हात फिरवला.

"बेटी, हे बाजारात मिळणार न्हाई. हिच्या जोडीची गाडी हुडकावी लागंल."

त्यांनी मला मापं कशी घ्यायची ते शिकवलं. हेडलाइटचं भोक केवढं, कवच धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या बोल्टमधलं अंतर किती, हँडल पूर्ण वळल्यावर कडेला किती जागा राहते. जुने पेपर चिकटवून मी त्या कवचाचा आराखडा कापला आणि गुंडाळी करून पिशवीत घातली. सुट्टी मिळाली की एसटीनं निघायचे. पाथरीला एका जीपवाल्याकडं एक मिळालं, पण ते हलक्या गाडीचं निघालं. बसवून पाहिलं तर हँडल वळताना फायबरला अडायचं. ताडकळसच्या बाजारात कुणी सांगितलं म्हणून गेले, तर तिथं नुसती काच होती, तीही तडकलेली. गॅरेजवाले हसायचे. पोरीच्या जातीनं मोटारसायकलचं सामान हुडकावं, याचं त्यांना लय नवल वाटायचं.

उन्हाळ्याच्या तोंडाला सोनपेठच्या एका म्हाताऱ्या वकिलांचा पत्ता लागला. त्यांच्या गोठ्यात तसलीच गाडी कडब्याखाली पडून होती. फेअरिंग मळक्या पांढऱ्या रंगाचं, पण धड. मी आराखडा धरून पाहिला. भोक जुळलं, रुंदी जुळली. बोल्ट तेवढे दोन बोटं खाली होते.

"कुणाची गाडी?" वकिलांनी विचारलं.

मी दादांचं नाव सांगितलं, शाळेचं गाव सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"मी त्या दिवशी त्याच गावात होतो, बाई. भावाकडं गेलो होतो. दार लावून आत बसलो." त्यांनी गाडीवरचा उरलेला कडबा बाजूला सारला. मग म्हणाले, "घेऊन जा."

ते एसटीच्या टपावर बांधून मी परभणीला आणलं. चाचांनी पट्ट्यांना नवी भोकं पाडली, खाली टायरच्या ट्यूबचे तुकडे घातले आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून दाखवलं. कुठंच अडलं नाही. गाडी काळी आणि फेअरिंग पांढरं, तेवढंच विचित्र दिसत होतं.

मी दादांना हाताला धरून पडवीत आणलं. त्यांनी काचेवरून बोट फिरवलं, बोल्ट चाचपले. गाडीवर बसले. माय दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. दादांनी हँडलवर हात ठेवले आणि तसेच बसून राहिले. किक मारली नाही.

"लय चांगलं बसवलंय," ते म्हणाले आणि खाली उतरले.

"दादा, एक चक्कर तरी मारा."

ते पायरीवर बसले. "पहिला दगड कुणी मारला, तुला सांगितलं नाही मी. माझ्या वर्गातला होता. भूमिती येत न्हाई म्हणून रोज संध्याकाळी माझ्या खोलीवर यायचा. माझ्याच ताटात जेवलाय. मला बघून त्यानं आधी हात खाली घेतला, बाई. मी म्हणलं, वळखलं यानं. आन् मग त्यानं परत उचलला."

सात-आठ महिने मी मापं घेत हिंडले होते आणि हे मला ठाऊकच नव्हतं.

दादांची बदली झाली. नव्या शाळेत ते चालत जायचे. शिकवायचे नेहमीसारखंच, नेकीनं. पण कुठल्याही पोराला घरी बोलावलं नाही. वर्षभरानं गाडी विकायची ठरली. नांदेडकडचा एक माणूस येऊन घेऊन गेला. दादा आतल्या खोलीत पेपर तपासत होते, बाहेर आले नाहीत. आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत माय रस्त्यावर उभी राहिली, मग घरात आली.

"गेली," ती म्हणाली.

"जाऊ दे," दादा म्हणाले आणि पुढचा पेपर ओढला. माय तिथंच जमिनीवर बसली. दगडफेकीच्या दिवशी न रडलेली माझी माय त्या दुपारी रडली. दादांनी लाल पेन खाली ठेवला, पण ते उठले नाहीत.