तोंड दिसू द्या

या, इकडे जवळ या. दारातूनच “काकी, बऱ्या हाव ना?” असं ओरडता आणि माझं उत्तर यायच्या आत गाडीला किक मारता, ही काय रीत झाली? बसा. बाजूला नको, समोर बसा. समोर बसायचं महत्त्व मला एका माणसाने शिकवलं.

“माइक खाली घ्या, साहेब. तोंड दिसू द्या.”

हे त्यांचं, आमच्या क्लबातल्या चाचांचं, ठरलेलं वाक्य. पाहुणा वक्ता उभा राहिला रे राहिला की पहिल्या रांगेतून चाचा उठणार, माइक वक्त्याच्या ओठांवरून छातीपर्यंत खाली दाबणार आणि समाधानाने परत खुर्चीत बसणार. आम्हाला वाटायचं, फोटो चांगला यावा म्हणून करतात.

आमचा क्लब म्हणजे शनिवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये जमणारी पंचवीस-तीस माणसं. कापडवाले, लूमवाले म्हणजे यंत्रमागांचे मालक, दोन डॉक्टर, एक वकील. रक्तदान करायचं, वह्या वाटायच्या आणि दर शनिवारी कुणाला तरी बोलावून त्याचं ऐकायचं. मी सातवी शिकलेली. तिथे बटाटेवडे पुरवायला जायचे. वड्यांचीच कृपा असणार, दोन वर्षांनी त्यांनी मला सभासद करून टाकलं! आणि चाचा चाळीस वर्षं जॉबर, म्हणजे बिघडलेली लूम दुरुस्त करणारे. माझ्याहून पाच-सात वर्षांनीच मोठे, पण सगळा मोहल्ला चाचा म्हणायचा, म्हणून मीही.

वक्ते आणायचं काम त्यांचं. कुणाकुणाला आणायचे! साप पकडणारा, पोस्टमन, खाडीत मासे मारणारी पूर्णा गावची आजी. एकदा सनईवाला आणला. त्याला बोलायची लाज, तो नुसता वाजवतच बसला. आम्ही सगळे माना डोलवतोय आणि चाचा एकटे जांभया देतायत. म्हटलं, काय रसिक माणूस हा!

तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते. एका शनिवारी नर्सरीवाले गुरुजी झाडांवर रंगात येऊन बोलत होते आणि वीज गेली. गुरुजी थांबले नाहीत. काळोखात त्यांचा आवाज छान लागला होता. एवढ्यात चाचा उठले आणि आभार मानायला लागले. “गुरुजींनी फार सुंदर सांगितलं...” इकडे गुरुजी आंब्याला खत घालतायत, तिकडे चाचा त्यांना नारळ देतायत! पोरी खिदळल्या. मी मेणबत्ती पेटवून पुढे नेली. उजेडात चाचांना गुरुजींचे हलणारे ओठ दिसले आणि ते अर्ध्या वाक्यात गप्प झाले. तो चेहरा पाहिला आणि मला सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या ओट्यावर हजर.

“भाभी, कुणाला बोलू नका.”

“चाचा, किती दिवसांचं हे?”

“लूमच्या खटखटीत कोण कान वापरतं? आम्ही सगळे ओठच वाचतो. पण क्लबात कळलं तर? बहिऱ्याला कोण वक्ते आणायला सांगेल? शनिवार गेला की माझ्याकडे उरतं काय?”

बायको गेलेली, मुलगा सौदीला. खरंच काय उरत होतं? मी तोंड बंद ठेवलं. माझ्यासारखीने तोंड बंद ठेवणं म्हणजे काय, ते तुम्हाला माहीतच आहे.

मग आमच्या अध्यक्षांनी लूम कामगारांसाठी कानतपासणीचं शिबिर काढलं. चाचा आडवे. “डोळ्यांचं घ्या, दातांचं घ्या. कानाला काय झालंय?” कुणी ऐकलं नाही.

शुक्रवारी लूम बंद, म्हणून शिबिर शुक्रवारी, शेलार गावच्या शाळेत. माणसं भरपूर आली, माझे वडे खाल्ले आणि लांब चिंचेखाली जाऊन उभी राहिली. डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत कोणी बसेना. आपसात कुजबुजत होते, आम्हाला काही ऐकू येत नव्हतं.

चाचा तिकडे बघत माझ्या कानाशी म्हणाले, “तो लाल शर्टवाला सांगतोय, कागद पे बहरा लिख दिया तो सेठ काम से निकालेगा.”

त्या अंतरावरून! दोनशे कानांना जमलं नाही ते या बहिऱ्या माणसाने वाचलं.

मग टोपी नीट केली आणि जाऊन खुर्चीत बसले.

बाईंनी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला. आवाज आला की बोट वर करा, असं खुणेने सांगितलं. बाई बटण फिरवतायत, फिरवतायत. चाचांचं बोट मांडीवर तसंच. चिंचेखालची माणसं बघायला पुढे सरकली.

चाचांनी हेडफोन काढला आणि मोठ्याने म्हणाले, “भाईलोग, मैं भी बहरा हूँ. कब से हूँ. अब देखता हूँ, ये क्लबवाले मेरे को निकालते हैं क्या.” आणि अध्यक्षांकडे बघत राहिले.

अध्यक्ष स्वतः लूमवाले. त्यांनी माइक उचलला, तोंडाशी नेला, थबकले आणि छातीपर्यंत खाली घेतला.

“चाचा, पुढच्या शनिवारी वक्ता कोण आणताय? आणि माझ्या लूमवरचा एकही माणूस या कागदापायी घरी जाणार नाही.”

चाचांनी एकेक शब्द वाचला. डोळे पुसले आणि म्हणाले, “मधमाशीवाला येतोय. पण त्याला भरघोस मिशा आहेत, आधी कापायला लावतो!”

पहिला हसला तो लाल शर्टवाला. चाचांनंतर खुर्चीत बसलाही तोच पहिला. त्याच्यामागे रांग लागली.

चाचांना कानाचं मशीन मिळालं. ते खिशात असायचं. “भाभी, कानात घातलं की डोक्यात तुमची भांडी पडतात,” म्हणायचे. शेवटपर्यंत वक्ते आणले, शेवटपर्यंत पहिल्या रांगेत बसले. आता ती खुर्ची दुसऱ्याची आहे. पण नवा वक्ता माइक वर ओढायला लागला की हॉलमधून कुणी ना कुणी ओरडतंच, “खाली घ्या, साहेब!”

माझंही मशीन तिथे फडताळात आहे. खरंच भांडी पडतात हो. म्हणून सांगते, फोन नका करू, दारातून ओरडू नका. लवकर या, दिवसाउजेडी या, वडे तळते. समोर बसा आणि तोंड दिसू द्या.