निरोपाचे भाषण कदम सरांचे

आमच्या कॉलेजात कुणीही निवृत्त झाले की निरोपाचे भाषण कदम सरांनीच करायचे, अशी रीत पडली होती. सर इतिहास शिकवत. राणीसावरगावहून एसटीने येत, पांढऱ्या शर्टाची इस्त्री मोडू न देता. शिपायाची मोडकी सायकल असो की आधीच्या प्राचार्यांचा डबा, ते असे काही सांगत की माणसे डोळे पुसत. आणि हा माणूस स्वतः मात्र तासिकेवरचा, घेतलेल्या तासांपुरते पैसे मिळणारा! परीक्षा आल्या की घरी, पावसाळ्यात पुन्हा नव्याने मुलाखत. सेट परीक्षा झालेली, पीएच.डी. झालेली, तरी हीच गत.

मी तिथली ग्रंथपाल. समारंभाच्या शालीही माझ्याच कपाटात असत. मी चिडून म्हणायची, "सर, किती वर्षं असं काढायचं?"

"ताई, इतिहासाची जागा निघू द्या. मी कुठं पळून जायलोय?"

सरांच्या लग्नाच्या बैठकीत सोनपेठच्या पाहुण्यांनी "कायम कधी होणार?" विचारले, तेव्हाही सरांनी हेच सांगितले. बैठक तिथेच मोडली.

शेवटी जागा निघाली. सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मुलाखतीला संस्थाध्यक्षांचा भाचाही आला, ज्याने जन्मात एक तास घेतला नव्हता. निवड त्याचीच झाली. कसली डोंबलाची निवड! अजून आठवले तरी डोके फिरते.

पण निर्लज्जपणाची हद्द पुढेच होती. भाच्याच्या सत्काराला प्राचार्य म्हणाले, "कदम, तुमच्याइतकं छान कोण बोलतं? तुम्हीच बोला."

सर उठले. भाषणात कटाक्षाने पुस्तकी मराठी बोलणारे सर त्या दिवशी घरचे बोलले.

"आजवर लय जणांला निरोप दिला. तासिकावाल्याला निरोप द्यायची रीत न्हाई, म्हणून माझा मीच द्यायलोय. कदम सरांनी कधी तास बुडवला न्हाई. त्यांची पोरं बँकेत, पोलिसात, शाळंत कायम झाली. त्यांना तेवढं कुणी कायम केलं न्हाई."

सरांनी भाच्यासाठी ठेवलेली शाल उचलली, स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि सरळ बाहेर पडले. मागोमाग पोरेही उठून गेली. सर पुन्हा कॉलेजात आले नाहीत.

प्राचार्य घाईघाईने माझ्याकडे वळले. "मॅडम, कपाटात दुसरी शाल असेल ना?"

"नाही," मी म्हणाले. चांगली थप्पी होती.