ओस पेठेतलं निळं गवत

ओल्या चुन्याचा वास आला की मला प्लेगचं ते वर्ष आठवतं; रोग जावा म्हणून तेव्हा घरोघरी चुना फासत. साथ ओसरल्यावर गावाबाहेरच्या झोपडीतून आम्ही कोल्हापुरात परतलो, तेव्हा अंगणातली सगळी झाडं वाळली होती. पण आईने एका गोऱ्या साहेबाच्या बागेतून आणून हौसेनं लावलेलं निळं गवत मात्र टवटवीत होतं, मुळाशी माती ओली होती. ओस पेठेत पाणी घातलं कुणी? तेवढ्यात शेजारची चाची कळशी घेऊन आली. "आमचे मालक आजारी पडले. सरकारी लोक प्लेगच्या छावणीत नेतील म्हणून आम्ही घरातच लपलो. खिडकीतनं त्यास्नी हे निळं दिसायचं. म्हणायचे, पाणी घाल की. आता ते न्हाईत, पण मला राहवंना." आईच्या हातातलं बोचकं खाली पडलं. आजही चाचीची कळशी धरलेली ती बिनबांगड्यांची मनगटं मला आठवतात.