रामघाटावर नसलेली विहीर

वाचकहो, मी काशीच्या कचेरीबाहेर बसून अर्ज लिहिणारा मनुष्य. शिक्षण आठवीपर्यंत; तथापि माझ्या मसुद्यात खोट काढण्याची हिंमत वकीलही करीत नाहीत. पुराव्याविना मी कशावरही विश्वास ठेवीत नाही — भुताखेतांवर तर नाहीच. म्हणूनच पुढील हकीकत जशी घडली तशी निवेदन करीत आहे.

माझी भाची रेवा चित्रकलेची विद्यार्थिनी. तिने महिनाभर खपून रामघाटाच्या पायऱ्यांच्या फक्त उभ्या बाजू रंगवल्या. नदीत ठरावीक जागी नाव थांबवली की पायऱ्या नाहीशा होऊन तिथे खोल विहीर दिसे. वरून पाहिल्यास मात्र कोरा दगड! घाटाच्या समितीने बजावले — परवानगी मिळाली नाही, तर चित्र त्याच दिवशी धुऊन काढू.

अर्ज अर्थातच मी लिहिला. नावेचा उल्लेख आला की दुसऱ्या खात्याचीही मंजुरी लागते, हे मला अनुभवाने ठाऊक. सबब मी लिहिले, "सदर विहीर वरच्या पायरीवरील पुरोहितांच्या छत्रीपासून पूर्ण दिसते."

सकाळी समितीचे पाच सदस्य अर्ज हातात घेऊन नेमके छत्रीपाशीच उभे राहिले. रेवा पांढरीफटक पडली. "मामा, काय लिहून बसलात हे? इथून रंगाचा ठिपकाही दिसत नाही!"

"गप्प. अर्ज माझा आहे," मी म्हणालो.

तेवढ्यात अध्यक्ष मोघेकाका धोतर सावरीत दोन पावले मागे सरले. "अहो, धरा मला! ही विहीर कुणी खणली इथे?"

पाचही जणांनी पाहिली. मीही पाहिली — काळीशार, खोल, काठावर ओलावा. त्याच क्षणी खालून नाववाला ओरडला, "इहाँ से त अब कुछ नाहीं लउकत हौ, बिटिया!" नावेतून चित्र दिसेनासे झाले होते!

मोघेकाकांनी तिथेच मंजुरीची सही ठोकली. "गोविंदराव, तुम्ही नुसतं लिहीत नाही, दाखवताही की!"

चित्र राहिले. सही होताच विहीर पुन्हा नावेतूनच दिसू लागली; आता ती पाहण्यासाठी नावांची रीघ लागते.

त्यानंतर मी कितीदा तरी छत्रीपाशी उभा राहिलो. कोरा दगड. रेवाने दोरी लावून कोन मोजले. तिच्या शिक्षकांनी ते पुन्हा मोजून पाहिले. खुलासा कुणापाशीच नाही, मजपाशीही नाही. रेवा तेवढी म्हणते, "मामा, पुढच्या चित्राचा अर्ज तुम्ही आधी लिहा. रंगवायचं काय ते मी मग बघते."